कर्करोगाचे भाकीत कुणाच्या शरीरावरून?

जन्मावरून माणसाचे भविष्य सांगणाऱ्यांचा या देशात कधीच तुटवडा नव्हता. कुणी पत्रिका मांडून सांगितले, कुणी जात विचारून सांगितले. त्यामुळे 'तुमच्या जनुकांवरून तुमच्या कर्करोगाचे भविष्य सांगतो' असे कुणी म्हटले की चळवळीतल्या माणसाच्या कपाळावर आठी पडते. ही आठी रास्तच आहे. परंतु आठी पाडून थांबून चालणार नाही. स्तनाच्या कर्करोगाचा पुढचा धोका जनुकांच्या कामावरून सांगण्याचे जे शास्त्र गेल्या पंचवीस वर्षांत उभे राहिले आहे, त्यात तथ्य आहे. त्याने असंख्य स्त्रियांना नको असलेल्या केमोथेरपीतून सोडवले आहे. आणि त्याच शास्त्राच्या पोटात एक जुनाच अन्याय नव्या वेशात बसलेला आहे. या दोन्ही गोष्टी आपण एकाच वेळी समजून घेतल्या पाहिजेत. नुसती भक्ती आणि नुसता संशय, दोन्ही आपल्या नुकसानीचे आहेत.

प्रथम एक गैरसमज दूर करू. 'जनुक' म्हटले की आपल्याला आईबापाकडून आलेला वारसा आठवतो. असा वारसा असतो, हे खरे. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ या जनुकांत जन्मजात बिघाड असलेल्या स्त्रियांना स्तनाचा व बीजकोशाचा कर्करोग होण्याची शक्यता फार वाढते. पण आपण बोलत आहोत ती तपासणी वेगळी आहे. ती तुमच्या कुळाची चौकशी करत नाही. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचा छोटा तुकडा घ्यायचा आणि त्या गाठीत आज कोणती जनुके किती जोराने काम करत आहेत ते मोजायचे, एवढेच तिचे काम.

माणसाच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत सुमारे २० हजार जनुकांचे तेच पुस्तक असते. डोळ्याच्या पेशीतही तेच आणि यकृताच्या पेशीतही तेच. फरक पडतो तो अंमलबजावणीत. आपल्या वाचकांना हे फार समजावून सांगायला नको. कायद्याच्या पुस्तकात कलम असणे ही एक गोष्ट आणि पोलीस ठाण्यात ते कलम लागणे ही दुसरी गोष्ट. अॅट्रॉसिटीचा कायदा १९८९ पासून पुस्तकात आहे. तो कोणत्या तालुक्यात लागतो आणि कोणत्या तालुक्यात दाबला जातो, यावरून त्या तालुक्याची खरी प्रकृती कळते. पेशीचेही तसेच. जनुक कामाला लागले की त्याच्या नकला निघतात. त्यांना आरएनए म्हणतात. या नकला मोजल्या की कोणते कलम लागले आणि कोणते धूळ खात पडले, याचा हिशेब लागतो. यालाच शास्त्रज्ञ जनुकांची अभिव्यक्ती म्हणतात. ती वारशापेक्षा वर्तमानाविषयी अधिक बोलते.

या हिशेबातून रोगाविषयी काही सांगता येते, हे अमेरिकेतील संशोधकांनी १९९९ साली दाखवले. रक्ताच्या कर्करोगाचे दोन प्रकार त्यांनी केवळ जनुकांच्या कामावरून वेगळे करून दाखवले. पुढच्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठातील चमूने सांगितले की, ज्याला आपण स्तनाचा कर्करोग म्हणतो तो एक रोग नसून अनेक रोगांचा समूह आहे. मग २००२ साली अॅमस्टरडॅमच्या नेदरलँड्स कर्करोग संस्थेतील लॉरा व्हॅन ट वीर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढचे पाऊल टाकले. त्यांनी ५५ वर्षांखालील, काखेतील गाठींपर्यंत रोग न पोचलेल्या ७८ स्त्रियांच्या जतन केलेल्या गाठी घेतल्या. यांपैकी ३४ जणींचा रोग पाच वर्षांच्या आत शरीरात इतरत्र पसरला होता; ४४ जणी पाच वर्षांनंतरही ठीक होत्या. सुमारे २५ हजार जनुकखुणांमधून या दोन गटांना वेगळे करणारी ७० जनुके त्यांनी निवडली. त्याच वर्षी २९५ रुग्णांवर ही यादी पुन्हा पारखली गेली. हीच पुढे मॅमाप्रिंट नावाची तपासणी झाली आणि २००७ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिला परवानगी दिली. दरम्यान २००४ साली अमेरिकेत २१ जनुकांची दुसरी तपासणी आली, ओन्कोटाइप डीएक्स. तीत १६ जनुके रोगाची आणि ५ तुलनेसाठी. निकाल येतो तो शून्य ते शंभर अशा गुणांत. गुण जितके अधिक तितका रोग परतण्याचा धोका अधिक.

याचा उपयोग काय? शस्त्रक्रिया करून गाठ काढली, तरी शरीरात कुठेतरी दडलेल्या पेशी पुढे डोके वर काढतील की काय, ही भीती राहते. म्हणून केमोथेरपी देतात. पण सुरुवातीच्या अवस्थेतील, संप्रेरकांना दाद देणाऱ्या कर्करोगात बहुसंख्य स्त्रियांचा रोग गोळ्यांच्या संप्रेरक उपचारानेच आटोक्यात राहतो. कुणाला केमो लागणार आणि कुणाला नाही, हे आधी कळत नव्हते. म्हणून बहुतेकींना ती दिली जात असे. केस गळणे तर दिसते. उलट्या, तोंड येणे, जंतुसंसर्ग, बुडालेली मजुरी, मोडलेले दागिने आणि काढलेले कर्ज हे कुठल्या अहवालात दिसत नाही. हातावर पोट असलेल्या घरात केमोचे सहा महिने म्हणजे मुलांच्या शाळेचे एक वर्ष. तेव्हा ज्या बाईला केमोची गरज नाही तिला ती न देणे, हादेखील सामाजिक न्यायच आहे.

ही गोष्ट खरी आहे की नाही, हे दहा हजारांवर स्त्रियांच्या प्रयोगातून पाहिले गेले. टेलरएक्स नावाच्या या चाचणीत २००६ पासून नोंदणी सुरू झाली आणि २०१८ साली निकाल प्रसिद्ध झाला. ज्यांचे गुण ११ ते २५ म्हणजे मधले होते, त्यांचे चिठ्ठी टाकावी तसे दोन गट केले. एका गटाला फक्त संप्रेरक उपचार, दुसऱ्याला त्यासोबत केमो. नऊ वर्षांनी पहिल्या गटातील ९३.९ टक्के स्त्रिया हयात होत्या, दुसऱ्या गटातील ९३.८ टक्के. म्हणजे यांतील बहुतेकींना केमोने जास्तीचे काही दिले नाही. मात्र ५० वर्षांपर्यंतच्या आणि १६ ते २५ गुण असलेल्या स्त्रियांना केमोचा थोडा फायदा दिसला, हेही त्याच चाचणीने सांगितले. मॅमाप्रिंटची युरोपातील चाचणी २०१६ साली आली. डॉक्टरी निकषांवर धोका मोठा, पण जनुकांवरून धोका कमी, अशा ज्या स्त्रियांना केमो दिली नाही, त्यांपैकी ९४.७ टक्के स्त्रियांचा रोग पाच वर्षांत दूर पसरला नव्हता. ज्योतिषी असा हिशेब देत नाही. दहा हजार पत्रिका मांडून त्यांतल्या किती खऱ्या ठरल्या, हे तो कधी छापत नाही. शास्त्र आणि थोतांड यांच्यातली सीमारेषा इथेच आहे.

परंतु ही सीमारेषा शास्त्रज्ञांनाही लागू आहे. त्यांच्या अंगावर पांढरा कोट आहे म्हणून ती पुसली जात नाही. २००६ साली अमेरिकेच्या ड्यूक विद्यापीठातील अनिल पोट्टी आणि जोसेफ नेव्हिन्स यांच्या चमूने जाहीर केले की, कोणत्या रुग्णाला केमोचे कोणते औषध लागू पडेल हे जनुकांच्या कामावरून सांगता येते. मोठा गाजावाजा झाला. रुग्णांवर चाचण्याही सुरू झाल्या. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रातील कीथ बॅगर्ली आणि केव्हिन कूम्ब्स हे दोन संख्याशास्त्रज्ञ मात्र कागद तपासत बसले. त्यांना काय आढळले? जनुकांच्या यादीत नावे एका ओळीने सरकलेली. औषधाला दाद देणारे आणि न देणारे यांचे शिक्के काही ठिकाणी चक्क उलटे. म्हणजे ज्याला औषध लागू नाही त्यालाच ते द्या, असा सल्ला निघू शकत होता. त्यांनी हे २००९ साली छापले. चाचण्या थांबल्या, विद्यापीठाने अंतर्गत चौकशी केली आणि २०१० च्या सुरुवातीला त्या पुन्हा सुरू झाल्या! पोट्टी यांनी आपल्या माहितीपत्रात ऱ्होड्स शिष्यवृत्तीचा खोटा दावा केल्याचे त्याच वर्षी उघड झाले, तेव्हा कुठे डोलारा कोसळला. पोट्टी यांनी राजीनामा दिला, शोधनिबंध मागे घेतले गेले आणि २०१५ साली अमेरिकेच्या सरकारी संस्थेने त्यांनी आकडेवारीत खोटेपणा केल्याचा निष्कर्ष काढला. तोवर शंभरावर कर्करुग्ण त्या चाचण्यांत दाखल झालेले होते.

लक्षात घ्या, आकडे चुकीचे आहेत असे सांगून भागले नाही. शिष्यवृत्ती खोटी निघाली तेव्हा संस्था हलली. पुराव्यापेक्षा प्रतिष्ठा मोठी मानण्याचा रोग फक्त आपल्याच देशात आहे असे नाही. त्याच ड्यूकमधील एका वैद्यकीय विद्यार्थ्याने २००८ सालीच या कामावर लेखी शंका घेतली होती, हे पुढे २०१५ साली उजेडात आले. विद्यार्थ्याचे ऐकले असते तर रुग्ण वाचले असते. मोठ्या गुरूपुढे छोट्या शिष्याने तोंड उघडायचे नाही, ही शिकवण माणसे मारते.

आणखी एक गोष्ट २०११ साली ब्रुसेल्समधील संशोधकांनी समोर आणली. त्यांनी स्तनाच्या कर्करोगाचे भाकीत करणाऱ्या ४७ प्रसिद्ध जनुकयाद्या घेतल्या आणि डोळे मिटून उचललेल्या तेवढ्याच जनुकांशी त्यांची तुलना केली. २८ याद्या अशा उचललेल्या यादीपेक्षा ठोसपणे सरस ठरल्या नाहीत. जेवणानंतर हसण्याने रक्तपेशींत होणाऱ्या बदलांची जनुकयादीसुद्धा कर्करोगाचे भाकीत करू लागली! कारण साधे आहे. गाठीतल्या पेशी किती वेगाने वाढतात, या एका गोष्टीची छाया हजारो जनुकांवर पडते. कोणतीही मूठभर जनुके उचला, ती छाया सापडते. म्हणून 'आमची यादी भाकीत करते' एवढे सांगणे पुरेसे नाही. ती साध्या, स्वस्त तपासणीपेक्षा जास्त काय सांगते आणि तिच्यामुळे उपचारात काय बदलते, हे सिद्ध झाले पाहिजे. टेलरएक्ससारख्या चाचण्यांचे मोल याच कारणाने आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. भाकीत खरे ठरते, पण कुणासाठी? जनुकांची यादी म्हणजे आकाशातून पडलेले वचन नव्हे. ती काही माणसांच्या गाठींवरून शिकलेली असते. ज्यांच्या गाठी तिने पाहिल्या त्यांच्याविषयी ती नीट बोलते. ज्यांच्या पाहिल्या नाहीत त्यांच्याविषयी अंदाजाने बोलते. अमेरिकेत टेलरएक्स चाचणीतील ८४ टक्के स्त्रिया गोऱ्या होत्या आणि सुमारे ७ टक्के काळ्या. २०२१ साली त्या चाचणीचे वंशनिहाय विश्लेषण प्रसिद्ध झाले. काळ्या आणि गोऱ्या स्त्रियांच्या गुणांची विभागणी साधारण सारखीच होती. तरीही मधल्या गुणांच्या गटात काळ्या स्त्रियांचा मृत्यूचा धोका गोऱ्या स्त्रियांच्या जवळपास दीडपट निघाला. गुण तेच, चाचणीतले उपचार तेच, परिणाम वेगळा. त्याच वर्षी अमेरिकेतील सुमारे ८६ हजार स्त्रियांच्या नोंदींवरून दुसरा अभ्यास आला. त्यात २१ जनुकांच्या तपासणीचे भाकीत गोऱ्या स्त्रियांच्या तुलनेत काळ्या स्त्रियांबाबत कमी अचूक असल्याचे दिसले. ज्या देशात काळ्या स्त्रियांना स्तनाचा कर्करोग गोऱ्या स्त्रियांपेक्षा किंचित कमी होतो, पण त्याने होणारे मृत्यू सुमारे ४० टक्के जास्त आहेत, त्या देशात सर्वांत महागडी तपासणी त्यांनाच कमी उपयोगी पडावी, याला योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही.

इथे दोन खड्डे आहेत आणि दोन्ही टाळले पाहिजेत. पहिला खड्डा असा की, 'काळ्यांचे रक्तच वेगळे' असे म्हणून सगळा दोष जन्मावर ढकलायचा. म्हणजे दारिद्र्य, उशिरा झालेले निदान, वाईट इस्पितळ, विमा नसणे, वर्षानुवर्षांचा ताण या सगळ्यांची सुटका. वंशाच्या नावाखाली हे अमेरिकेत होते; जातीच्या नावाखाली आपल्याकडे व्हायला वेळ लागणार नाही. दुसरा खड्डा असा की, 'शरीर शेवटी सारखेच' असे म्हणून नमुन्यातला भेदभाव झाकून टाकायचा. माणसे समान आहेत म्हणूनच मोजणीत सगळी माणसे आली पाहिजेत. जनगणनेत ज्याची नोंद नाही त्याच्यासाठी योजना नसते, हे आपण अनुभवाने शिकलो आहोत. गाठींच्या मोजणीलाही हाच नियम लागू आहे.

भारताचे काय? २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार त्या वर्षी भारतात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण होते आणि सुमारे ९८ हजार मृत्यू. अमेरिकेत नवे रुग्ण पावणेतीन लाखांच्या आसपास आणि मृत्यू सुमारे ४३ हजार. रुग्ण आपल्याकडे कमी, मृत्यू दुपटीहून अधिक. हा फरक जनुकांचा कमी आणि व्यवस्थेचा जास्त आहे. आपल्या बायका गाठ हाताला लागल्यावरही महिनोन्‌महिने बोलत नाहीत. बोलल्या तर जवळ तपासणी नाही. तपासणी झाली तर शहरात राहायला जागा नाही. ही ७० आणि २१ जनुकांची तपासणी मुख्यतः सुरुवातीच्या अवस्थेतील, संप्रेरकांना दाद देणाऱ्या आणि हर-टू नसलेल्या कर्करोगासाठी आहे. जी बाई गाठ फुटल्यावर इस्पितळात पोचते, तिच्यासाठी ती नाहीच. म्हणून पहिली लढाई लवकर निदानाची. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून झोपडपट्ट्यांतील दीड लाख स्त्रियांना घेऊन केलेल्या चाचणीचा निकाल २०२१ साली आला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासले, तेव्हा रोग आधीच्या अवस्थेत सापडू लागला आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांत मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. ना यंत्र, ना अमेरिकेतली प्रयोगशाळा. आणि हे ज्ञान मुंबईच्या झोपडपट्टीतल्या बायकांनी जगाला दिले आहे, हेही विसरू नका.

याचा अर्थ जनुकांची तपासणी श्रीमंतांसाठी सोडून द्यायची असा नाही. आपल्या मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. एक, प्रत्येक सरकारी रुग्णालयात गाठीची ईआर, पीआर आणि हर-टू ही मूलभूत तपासणी वेळेत आणि खात्रीशीर झाली पाहिजे. या तीन आणि पेशींची वाढ मोजणारी केआय-६७, अशा चार साध्या तपासण्या नीट केल्या तर त्यांच्या एकत्रित गुणांतून जवळपास २१ जनुकांच्या तपासणीइतकीच माहिती मिळते, असे लंडनच्या संशोधकांनी २०११ साली दाखवले आहे. अट एकच, प्रयोगशाळा चांगली हवी. दोन, महागड्या तपासणीचा सल्ला मिळाला तर रुग्णाने व नातेवाइकांनी तीन प्रश्न विचारावेत. माझ्या प्रकारच्या कर्करोगासाठी ही आहे का? ती कोणत्या स्त्रियांवर पारखली आहे? निकाल काहीही आला तरी उपचार तेच राहणार असतील तर पैसे कशाला? हे प्रश्न विचारणे म्हणजे डॉक्टरांचा अपमान नव्हे. चांगला डॉक्टर त्यांची उत्तरे आनंदाने देईल.

तीन, भारतीय रुग्णांच्या गाठींवर सार्वजनिक पैशातून संशोधन झाले पाहिजे. ते होऊ शकते. तंबाखूमुळे होणाऱ्या गाल-हिरड्यांच्या कर्करोगातील जनुकीय बिघाडांवर कल्याणी येथील राष्ट्रीय संस्था आणि नवी मुंबईचे अॅक्ट्रेक यांनी मिळून केलेले काम २०१३ साली जगापुढे आले. बंगळुरूच्या एका कंपनीने पाच प्रथिने मोजणारी स्तनाच्या कर्करोगाची तपासणी भारतीय रुग्णांवर उभी केली आहे. देशी आहे म्हणून तिला सूट देऊ नये, तिलाही हेच प्रश्न विचारावेत. आणि असे संशोधन करताना गाठ घेतली जाते ती गरिबाची, म्हणून संमती तिच्या भाषेत, तिला समजेल अशी घेतली पाहिजे. अंगठा घेतला म्हणजे संमती झाली, असे होता कामा नये. तिच्या देहातून जे ज्ञान निघेल त्याचा पहिला लाभ तिच्या वस्तीला मिळाला पाहिजे.

चौथी गोष्ट सरकारकडे मागायची नाही, आपणच करायची आहे. ड्यूकचे प्रकरण ज्यांनी उघडे पाडले त्यांच्याकडे हत्यार होते ते फक्त संख्याशास्त्राचे आणि चिकाटीचे. जगभरातील हजारो गाठींची जनुकीय माहिती आज सार्वजनिक भांडारात फुकट उपलब्ध आहे. अमेरिकेच्या कर्करोग जनुक प्रकल्पात एकट्याने ३३ प्रकारच्या कर्करोगांची, ११ हजारांहून अधिक रुग्णांची माहिती जमवली. संगणक, गणित आणि जीवशास्त्र येणारी मुलगी नागपूरच्या वसतिगृहात बसून ती उघडू शकते, तपासू शकते, चूक पकडू शकते. आपली मुले डॉक्टर-इंजिनिअर झाली याचा आनंद आहेच. आता ती आकडे तपासणारीही झाली पाहिजेत. ज्यांनी हिशेब ठेवला त्यांनी या समाजावर राज्य केले. ज्यांना हिशेब वाचू दिला नाही ते कर्जात जन्मले आणि कर्जात मेले. सावकाराची वही वाचायला आपण शिकलो. आता प्रयोगशाळेची वही वाचायची आहे.

गाठीतली जनुके काय सांगतात हे ऐकले पाहिजे. पण ती कुणाच्या गाठीतून बोलायला शिकली, हा प्रश्न विचारल्याशिवाय त्यांचे ऐकायचे नाही. हा प्रश्न आपण विचारला नाही, तर तो आपल्यासाठी दुसरे कुणी विचारणार नाही.